सात खोल्यांचं एक दार

काकूंच्या खोलीतून दिवसभरात किती वेळा माणसं ये-जा करतात, हे मास्तरांनी एकदा पेन्सिल घेऊन मोजलं होतं. एकशे चौदा वेळा. मांजर त्यात धरलेलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, ही खोली की बसस्टँड. तर खोलीच, बारा बाय दहाची. एका भिंतीला शिलाई मशीन, समोरच्या भिंतीला खाट, कोपऱ्यात शेगडी आणि तिच्यावरच्या फळीवर डबे. काकू शिंपीकाम करायच्या, एकट्या राहायच्या, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. तशा कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. पण गल्लीतल्या त्या सात खोल्यांना मिळून रस्त्यावर उघडणारं दार एकच होतं, आणि ते नेमकं काकूंचं होतं. सातव्या खोलीतल्या नर्सबाईला कामावर जायचं तर सहावी, पाचवी, चौथी असं करत पाच संसार ओलांडून शेवटी काकूंच्या खाटेला वळसा घालूनच बाहेर पडावं लागे.

हे असं का, तर दारपट्टीमुळे. त्या गावात कर बसायचा तो दारावर. रस्त्यावर उघडणारं एक दार, एक पट्टी, सगळ्यांना सारखी. ऐकायला किती सरळ, नाही का. ज्याने कुणी हा नियम काढला त्याला आपण भारी न्यायी आहोत असं वाटलं असणार. पण काकूंच्या बारा बाय दहाला एक दार, आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या शेठच्या चौदा खोल्या, दोन गच्च्या आणि एक कारंजं यांनाही मिळून एकच फाटक. दोघांना पट्टी तेवढीच. शेठला ती भरल्याचं कळायचंसुद्धा नाही, आणि काकूंची दोन महिन्यांची शिलाई तिच्यात जायची.

मग माणसं दारंच बुजवायला लागली. अर्ध्या गावाने बुजवली. खिडकीला पट्टी नव्हती, म्हणून कोपऱ्यावरचा सलूनवाला गिऱ्हाइकांना स्टूल लावून खिडकीतून आत घ्यायचा. काकूंच्या गल्लीत तर तिसऱ्या खोलीत गवंडीच राहत होता, त्यामुळे तिथलं काम सुबक झालं. अकरा वर्षांपूर्वी त्याने सहा दारांच्या जागी विटा लावल्या, मधल्या भिंतींना माणूस जाईल एवढी भगदाडं पाडली, वर गिलावा फिरवला आणि सहा पट्ट्या वाचवल्या. उरलेली एक पट्टी सातही घरं वाटून भरत. पहिली खोली गल्लीच्या तोंडाशी, म्हणून दार काकूंचं ठरलं. तेव्हा काकू नुकत्याच एकट्या झाल्या होत्या. त्यांना वाटलं, चला, घरात जाग राहील. त्या हो म्हणाल्या आणि पुढची अकरा वर्षं पस्तावल्या.

कारण जाग म्हणजे किती जाग. पहाटे गवंडी घमेलं वाजवत जाणार. मग मास्तर फिरायला, मग पोरं शाळेला. नर्सबाईच्या पाळ्या तर देवालाही न कळणाऱ्या. काकूंनी साडी बदलायची तर पडदा धरून, आणि पडद्यापलीकडून कुणीतरी विचारणार, काकू, माझी छत्री बघितलीत का. अकरा वर्षांत त्यांनी दाराला एकदाही आतून कडी लावली नव्हती, कारण कुणी ना कुणी बाहेर असायचंच. कडी गंजून एका जागी बसली होती. काकूंना दुसरं काही नको होतं. एक दिवस आपल्या खोलीला आतून कडी लावावी आणि निवांत पाय पसरून बसावं, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि ते त्या दिवसातून दहादा बोलून दाखवायच्या.

दारं बुजली तसा पालिकेचा गल्लाही बुजला. रस्त्यावरचे दिवे गेले ते गेलेच. गटारावरच्या फरशा फुटल्या त्या कुणी बसवल्या नाहीत. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जायचं, आणि नर्सबाई सांगायची की तिथे रोग्यापेक्षा थर्मामीटरची जास्त काळजी घेतात, कारण रोगी बरेच आहेत आणि थर्मामीटर एकच आहे.

दरवर्षी पालिकेचा माणूस दारं मोजायला यायचा. त्याच्यासाठी गल्लीची एक ठरलेली तालीम होती. तो कोपऱ्यावर दिसला की काकू मशीन तीन वेळा थांबून थांबून चालवायच्या. खटखट, थांब, खटखट, थांब, खटखट. की सातही खोल्यांतली माणसं काकूंच्या खोलीत जमा, आणि काकू सुरू. हा माझा दीर, ही नणंद, हे सगळं आमचंच घर, एकाच कुटुंबाचं, म्हणून दार एक. काकूंच्या तोंडात असा काही खडीसाखरेचा गोडवा यायचा की तो बिचारा दारावर खडूने एक रेघ ओढायचा आणि चहा पिऊन जायचा.

त्या वर्षी आलेला माणूस नवा होता. कोवळा पोरगा, जाड भिंगांचा चष्मा, पायात पॉलिश केलेले बूट. काकूंनी मशीन तीन वेळा वाजवलं. गल्ली गोळा झाली. आता खरं म्हणजे साहेबांच्या हातात खडू नाही, लोखंडी टेप आहे, हे बघून काकूंना शंका यायला हवी होती. जन्मभर गळ्यात टेप घालून फिरलेली बाई ती. पण अकरा वर्षांची सवय, तोंड आपोआप चालायला लागलं.

गवंडी झाला दीर. नर्सबाई झाली धाकटी नणंद, लग्न न करता माहेरीच राहिलेली. मास्तर झाले सासरे. मास्तर काकूंपेक्षा सहाच वर्षांनी मोठे, त्यांचा चेहरा पडला, पण त्यांनी कंबर वाकवून दाखवली. साहेब एकेका खोलीत टेप धरत आत आत गेले आणि परत येऊन म्हणाले, सात खोल्यांत शेगड्या सात कशा. काकू क्षणभरही अडल्या नाहीत. जावा-जावांचं पटत नाही साहेब, त्यांनी सांगितलं, घर एक ठेवलं हेच नशीब. साहेबांनी मान डोलावली. एवढं मोठं एकत्र कुटुंब हल्ली बघायला मिळत नाही, असं म्हणाले, पाणी प्याले आणि सगळं टिपून घेऊन गेले. काकू त्या दिवशी भलत्याच खुशीत होत्या. इतकी बेमालूम थाप त्यांनी आजवर मारली नव्हती.

महिन्याभराने पालिकेचा लिफाफा आला. काकूंनी तो मास्तरांकडून वाचून घेतला. मास्तरांनी एकदा वाचला, चष्मा पुसून परत वाचला, आणि खाटेवर बसले.

दारपट्टी गेली होती. येत्या एक तारखेपासून कर घराच्या आकारावर. एका खोलीच्या घराला नावापुरता, आणि घर जसजसं मोठं तसतसा दर चढता. त्या पैशातून काय काय करणार त्याची यादीही कागदाच्या मागे छापली होती. दिवे, गटारं, आणि दुसऱ्या ओळीत चक्क काकूंच्या गल्लीच्या टोकाला, पडीक जागेवर, दवाखाना.

“हे तर चांगलंच झालं की,” काकू म्हणाल्या.

“चांगलंच झालं. आपल्या एकेका खोलीचा कर चहापाण्याच्या खर्चात भागला असता,” मास्तर म्हणाले. “पण साहेबांनी इथे सात घरं लिहिलेलीच नाहीत. एक लिहिलंय. सात खोल्यांचा बंगला, मालकीण तुम्ही. दर शेठच्या एकच पायरी खाली.”

मग त्यांनी आकडा वाचला. दोन वर्षं रात्रंदिवस शिवलं तरी तेवढी शिलाई झाली नसती. भरला नाही तर जप्ती, हेही खाली बारीक अक्षरात होतं, आणि मास्तरांनी तेही वाचलं, कारण अर्धवट वाचायची त्यांना सवय नव्हती. काकूंनी मशीनकडे बघितलं, मग खोलीकडे. अकरा वर्षं जी खोली धर्मशाळा म्हणून शिव्या खात होती, ती जाणार म्हटल्यावर त्या उठून दाराची गंजलेली कडी चाचपून बघायला लागल्या.

संध्याकाळी सगळी गल्ली त्याच खोलीत बसली. आपण सातजण वाटून भरू, असं गवंडी लगेच म्हणाला. त्याचं मन मोठं, पण त्याचा सातवा हिस्सासुद्धा त्याला झेपणारा नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं. दुसरा रस्ता एकच होता. पंधरा दिवसांत हरकत घ्यायची, सुनावणीला जायचं आणि सांगायचं की हे एक घर नाही, सात घरं आहेत. म्हणजेच त्या दिवशी काकू खोटं बोलल्या. म्हणजेच अकरा वर्षं खोटं बोलल्या. आणि मग पालिकेने अकरा वर्षांच्या सहा दारांची पट्टी दंडासकट मागितली तर सगळ्यांचंच दिवाळं.

शेवटी नर्सबाई बोलली. ती सकाळपासून उभीच होती, पाय सुजलेले. तिचं म्हणणं असं की आजवर सगळ्या गावाने दारं बुजवली, तिनेही बुजवली, आणि मग त्याच गावाच्या दवाखान्यात रोग्याला बसायला बाक नाही म्हणून ती रोज भांडते. आता पहिल्यांदा कुणीतरी ज्याला जेवढं झेपेल तेवढं मागतंय. “तिथेही आपण खोटंच बोलायचं, काकू?” तिने विचारलं. काकूंनी दुसऱ्या दिवशी मास्तरांना अर्ज लिहायला बसवलं.

सुनावणीच्या दिवशी पालिकेच्या व्हरांड्यात ही गर्दी. काकूंच्या आधी नंबर होता शेठचा. शेठ काकूंचे जुने गिऱ्हाईक, त्यांच्या कोटांच्या कमरा दरवर्षी दोन इंच सैल करायचं काम काकूंकडेच होतं. शेठही हरकत घ्यायलाच आले होते, आणि दार उघडंच असल्यामुळे व्हरांड्याला सगळं ऐकू येत होतं. शेठचं म्हणणं, त्यांचं घर एक नाहीच मुळी, सात घरं आहेत. ते एक कुटुंब, ड्रायव्हर दुसरं, माळी तिसरं, मेव्हणा चौथं. पुढे पुढे त्यांना कुटुंबं सुचेनात, तेव्हा त्यांनी आपल्या दोन्ही लेकांना घराबाहेर काढलं. सातवं कोण ते नीट ऐकू आलं नाही, पण गवंड्याच्या मते कुत्रा असावा. काकूंचा जीव खालीवर होत होता तरी त्यांना पदराने तोंड झाकावं लागलं.

मग काकूंचं नाव पुकारलं गेलं. मोजणीवाले तेच साहेब टेबलामागे बसले होते. काकूंना ओळखून ते हसले आणि सासरे बरे आहेत ना, असं विचारलं. मास्तर मागेच उभे होते.

सगळं पाठ करून आणलेलं त्या विसरल्या. “साहेब, मी खोटं बोलले,” त्या म्हणाल्या. “त्या एकाच दिवशी नाही, अकरा वर्षं बोलतेय. हे सासरे नाहीत, तो दीर नाही, ही नणंद नाही. सात घरं आहेत. पट्टी वाचवायला आम्ही एक झालो होतो. दंड करायचा तो मला करा, बोलायचं काम माझं होतं.”

साहेबांनी चष्मा काढला. ते रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा असा उतरला की काकूंना रागावले असते तर बरं असं वाटलं. साहेब म्हणाले, मी घरी जाऊन आईला तुमच्याबद्दल सांगितलं होतं, आम्ही दोघंच असतो घरी, तिला फार बरं वाटलं होतं ऐकून. आणि आता तुम्ही म्हणता ते खोटं. मग तेव्हाचं खोटं धरू की आत्ताचं. कर वाचवायला त्या दिवशी एक झालात, आज कर वाचवायला सात होताय, बाहेर शेठही सातच झालेत.

तेवढ्यात मास्तरांना खोकला आला. त्यांचा खोकला आला की थांबत नाही. काकूंनी मागे वळूनही न बघता पिशवीतून ज्येष्ठमधाची कांडी काढून मागे धरली. गवंड्याने उठून पंखा बंद केला. नर्सबाईने मास्तरांचं मनगट धरलं आणि घड्याळात बघत बसली. खोकला थांबला तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की साहेब बघताहेत.

“आणि हे तुमचे कोणी नाहीत,” साहेब म्हणाले.

“नाहीत, साहेब,” काकू म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःलाच ते पटलं नाही.

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. एक तारखेला सकाळी दहाला ते स्वतः येणार, आधी शेठकडे आणि मग काकूंकडे. तिथे जे दिसेल तेच कायम होणार.

आता खरी घाई झाली. सात घरं दिसायची तर सात दारं हवीत, असं गल्लीचं मत पडलं. पण महिनाअखेरीपर्यंत जुना नियम चालू, त्याआधी एकही दार उघडलं की त्याची दारपट्टी लागू. म्हणजे दारं फोडायची ती एक तारखेला उजाडल्यावर, दहाच्या आत. गवंड्याने आदल्या दिवशी सगळ्यांच्या हातात छिन्न्या दिल्या आणि भिंतींवर खडूने चौकोन आखून ठेवले.

बुजवलेल्या दारांच्या फळ्या कुणी फेकल्या नव्हत्या, पण त्या दारं म्हणून उरल्याही नव्हत्या. मास्तर आपल्या दारावर कागद पसरून लिहीत. पाचव्या खोलीत त्यावर कपड्यांना इस्त्री व्हायची. नर्सबाई तर अकरा वर्षं आपल्या दारावर झोपत होती, चार विटा खाली आणि वर गादी. एक तारखेला दिशा फटफटल्याबरोबर ठोकाठोक सुरू झाली. धूळ अशी उडाली की माणूस माणसाला दिसेना. मास्तर छिन्नी कोनात धरायची कशी ते सगळ्यांना समजावत होते आणि स्वतः काही करत नव्हते. काकूंनी पदर खोचला, कपडे कापायच्या टेबलावरून आपला कापडी टेप घेतला आणि प्रत्येक चौकट मोजून कुठली फळी कुठली ते सांगत गेल्या. चौथीची फळी सहावीला बसेना म्हणून ठोकून बसवायला निघालेल्या दोघांना त्यांनी चांगलं फैलावर घेतलं. पावणेदहाला सातवं दार बिजागरीवर करकरलं. नर्सबाई आपल्याच दारातून रस्त्यावर आली, परत आत गेली, परत बाहेर आली. असं तिने चार वेळा केलं. अंगावर सगळा चुना, आणि रडतेय की हसतेय ते कळत नव्हतं.

साहेब आले ते शेठकडून. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी गंमत होती, पण ते काही बोलले नाहीत. सात दारांकडे त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, दारं कशाला फोडलीत, नव्या नियमात दाराला काही किंमत नाही.

गल्लीच्या हातातल्या छिन्न्या हातातच राहिल्या. गवंड्याने कपाळाला हात लावला.

साहेब मात्र सरळ काकूंच्या शेगडीपाशी गेले. शेगडीमागच्या भिंतीवरून त्यांनी बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरलं. तेलकट, पिवळट, वर्षानुवर्षांच्या फोडण्यांचा थर. बोट रुमालाला पुसून ते दुसऱ्या खोलीत गेले, मग तिसऱ्या. काकू त्यांच्या मागे मागे. सातही शेगड्यांमागे बोट फिरलं. गवंड्याकडे थर सगळ्यात जाड, नर्सबाईकडे सगळ्यात पातळ, कारण ती कधी वेळेवर जेवली नव्हती, पण होता. सातव्या भिंतीला साहेब हसले आणि शेठकडची गोष्ट त्यांनी तिथे सांगितली. शेठकडे सात शेगड्या हजर होत्या. सहांना दुकानाची चिठ्ठी अजून लटकत होती, आणि मागच्या भिंती हात लावला तर हातच स्वच्छ व्हावा अशा. शेठला आता चौदा खोल्यांचं एक घर म्हणूनच कर बसणार होता.

“स्वयंपाक सात ठिकाणी होतो, म्हणजे घरं सात,” साहेब म्हणाले आणि तिथेच उभं राहून त्यांनी लिहिलं. काकूंनी चाचरत मागच्या अकरा वर्षांचं विचारलं. साहेब म्हणाले, तो नियमच काल मेला, मेलेल्या नियमाची वसुली करणं माझं काम नाही. जाताना ते दारात घुटमळले. “आईला काय सांगू ते मात्र अजून ठरवलेलं नाही,” ते म्हणाले. काकूंना इतकं ओशाळल्यासारखं झालं की त्यांनी साहेबांच्या बाहीचं लोंबकळणारं बटण तिथल्या तिथे शिवून दिलं.

आता तुम्हाला वाटेल, काकूंना कडी मिळाली. कसली मिळते. मधली भगदाडं अजून तशीच होती, आणि ती बुजवायला गवंड्याला फुरसत नव्हती. पालिकेकडे पैसा यायला लागला होता. शेठच्या रस्त्यावरच्या मोठ्या घरांनी कुरकुरत का होईना भरला, आणि कर झेपण्यासारखा झाल्यावर बुजलेल्या दारांमागची माणसंही आपापली बाहेर आली. गटारावर फरशा पडल्या. गल्लीत दोन दिवे लागले. टोकाच्या पडीक जागेवर दवाखान्याचा पाया खणला गेला, आणि तिथल्या भिंती बांधायच्या कामावर आपला गवंडीच लागला. तो दिवसभर दवाखान्याच्या विटा लावी आणि घरी येऊन झोपे. गल्ली मात्र, सात दारं असूनही, जुन्याच सवयीने काकूंच्या खाटेला वळसा घालत राहिली. काकू ओरडायच्या, दारं काय शोभेला फोडली का रे.

दवाखाना दहा महिन्यांत उभा राहिला. बाक आला, थर्मामीटर डझनाने आले, आणि नर्सबाईची बदली तिथे झाली. घरापासून साठ पावलं, मास्तरांनी मोजली. पहिल्याच आठवड्यात शेठ हात धरून आले, कारंजं साफ करताना घसरले होते. माझ्याच पैशाचा दवाखाना आहे, आधी मला घ्या, असं त्यांनी बजावलं. सगळ्यांच्याच पैशाचा आहे, शेठ, तुमचा नंबर आठवा, नर्सबाई म्हणाली आणि त्यांना बाकावर बसवलं. नंतर कोट सैल करायला काकूंकडे आले तेव्हा शेठनी तक्रार केली, पण पट्टी काय छान बांधली तेही सांगितलं.

मग एका रविवारी गवंड्याने उरलेल्या विटा आणल्या आणि एकेक भगदाड बुजवलं. शेवटचं काकूंचं. भिंत वर वर चढली, पलीकडची जाऊ, म्हणजे जाऊ नसलेली शेजारीण, आधी गळ्यापर्यंत दिसली, मग कपाळापर्यंत, मग दिसेनाशी झाली. काकूंनी गंजलेल्या कडीला तेल घातलं. संध्याकाळी दार लोटलं, कडी लावली, आणि पाय पसरून खाटेवर बसल्या.

निवांत होतं. इतकं निवांत की काकूंना भिंतींपलीकडे मास्तर खोकले ते ऐकू आलं आणि त्यांचा हात पिशवीकडे गेला. शिवायला बसल्या तर मशीन फार मोठ्याने वाजतंय असं वाटलं. पहाटे घमेलं वाजलं नाही म्हणून उठायला उशीर झाला. अकरा वर्षं जे मागितलं ते मिळालं होतं, आणि काकूंना धड गंमत वाटेना. चहा त्यांनी दोन कप टाकला आणि मग एक परत भांड्यात ओतला.

तेवढ्यात दार वाजलं. काकू दचकल्याच. त्या दाराला आजवर कुणी टकटक केलीच नव्हती.

“कोण?” त्यांनी विचारलं. हेही त्या पहिल्यांदाच विचारत होत्या.

“मी,” बाहेरून नर्सबाई म्हणाली. “आत येऊ का?”

काकूंना कडी काढेपर्यंत धीर धरवेना, त्यात तिला भलतंच तेल झालेलं, हातातून सटकत होती. नर्सबाईच्या हातात दुसऱ्या वर्षाच्या कराची चिठ्ठी होती, आज शेवटचा दिवस, एकट्याने कुठे जायचं म्हणून ती आली होती. काकूंनी आधी तिला चहा पाजला. मग पिशवी घेतली आणि बाहेर येऊन बघतात तर मास्तर, गवंडी आणि बाकीची सगळी गल्ली आपापल्या दारापुढे आपापली चिठ्ठी घेऊन उभी.

पालिकेच्या खिडकीपाशी सात चिठ्ठ्या एकदम पुढे आल्या. आत साहेबच होते. त्यांनी सातही एकावर एक लावल्या, काकूंकडे बघितलं, आणि बहुतेक मुद्दामच विचारलं की ही एवढी सगळी माणसं तुमच्याबरोबर आहेत का, कोण लागतात तुमची.

मास्तरांनी खोकला दाबला. नर्सबाई काकूंच्या हाताला धरून उभी होती.

“कोणी नाही,” काकू म्हणाल्या. “सात वेगळी घरं आहेत. तसंच लिहा.”

साहेबांनी तसंच लिहिलं. त्या कचेरीतल्या माणसांना काकूंनी आजवर कितीतरी थापा मारल्या होत्या, पण ही सगळ्यात मोठी होती, आणि साहेबांना ती कळली होती. घरी जाऊन आईला काय सांगायचं, ते त्यांचं तिथे ठरलं.